अंतराचं वजन

बाबांचं वर्ध्यात किराणा दुकान. आमच्या घरात तोलल्याशिवाय काही येत नसे. मग माझ्यासाठी आलेली स्थळंही तोलायची, हे ओघानंच आलं. मी तेव्हा गावाला लागूनच असलेल्या सिंदी मेघेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. ज्याला सूत्र आणि आलेख जमतो त्याला लोक हुशार समजत. मीही स्वतःला समजत होते.

नोकरी, शिक्षण, घरची माणसं आणि अंतर, या चार गोष्टींचे मी क्लासच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक मुलाला गुण दिले. कशाला किती वजन द्यायचं ते आकडे वेगळ्या खान्यांत ठेवले. तिथला आकडा बदलला की सूत्र नव्यानं हिशेब करी आणि पडद्यावरच्या आलेखात मुलांच्या पट्ट्या खालीवर होत. आईनं अंतराला सगळ्यांत जास्त वजन द्यायला लावलं. "पोरगी हाकेवर पायजे," एवढंच तिचं म्हणणं.

आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या तळेगावचा मुलगा तिथंच गार झाला. शेती करणारा, जरा लाजरा. बघायला आला तेव्हा बाकीच्यांसारखं स्वयंपाकाचं विचारलं नाही. म्हणाला, "तुम्ही शिकवता ते मले समजन का?" मला हसू आलं, आणि मग तेच दिवसभर आठवत राहिलं. मला तो आवडला होता, सरळ सांगते.

एका रविवारी क्लास रिकामा होता. मी अंतराचं वजन शून्य केलं. त्याची पट्टी सगळ्यांच्या वर गेली. किती बरं वाटलं! तेवढ्यात निकाल बघायला आलेल्या बाबांच्या चपला जिन्यावर वाजल्या आणि मी घाईघाईनं जुना आकडा परत टाकला.

बाबा शेजारी बसले, चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिले.

"हा तळेगाववाला काऊन इतका मागं पडून राह्यला वं?"

"दूर आहे ना, बाबा."

"वजन त आपणच ठरवलं. बदलवता येते का?"

"येते."

"मंग तुले काय वाटते?"

मी पडद्याकडे बघतच म्हटलं, "आता कॉम्प्युटरले विचारलं ना आपण."

बाबांनी मान हलवली आणि ते उठले.

लग्न घरापासून जवळच, सावंगीत नोकरी करणाऱ्याशी झालं. माणूस चांगला आहे, तक्रार नाही. पण वर्ष-दोन वर्षांत त्यांनी पुण्याची नोकरी धरली. हाकेवरच्या पोरीला भेटायला आई रात्रभर गाडीत बसून येऊ लागली.

मीही पुण्यात एका ऑफिसात आलेख करायला लागले. एकदा बाबा आले असताना मी घरी काम करत बसले होते. एक आकडा बदलला, पट्ट्या हलल्या. बाबा मागं उभे होते. हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी तुलेच विचारून राह्यलो होतो, माय."