सारंगकाकांनी बघितलेलं आइसलंड

आमच्या बोटीवरचे सारंग मसुऱ्याचे होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. मी देवबागचा, वयानं त्यांच्या मुलासारखा. बाकीचे त्यांना सारंगसाब म्हणत, मी काका म्हणायचो, आणि ते मला 'झिला', म्हणजे पोरा, अशी हाक मारायचे. साठ सालाच्या आगेमागे काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो.

काकांची एक गोष्ट साऱ्या बोटीला ठाऊक होती. ते बंदरात उतरत नसत. लंडन, हांबुर्ग, मार्सेलिस, सगळी शहरं त्यांनी कठड्याला टेकून, विडी ओढत, बोटीवरूनच पाहिलेली. आम्ही पोरं नटूनथटून निघालो की म्हणायचे, "जावा, जावा. माका बघूक माझो गाव आसा मां."

त्या उन्हाळ्यात आम्ही स्पेनमध्ये मीठ भरलं आणि हुकूम आला आइसलंडचा. तिथे हेरिंग नावाची मासळी उन्हाळ्यात सुमार नसल्यासारखी यायची, ती खारवायला मीठ हवं होतं. आमच्यापैकी कुणीच त्या बेटावर गेलेलं नव्हतं. उत्तरेला सरकू लागलो तसं धुकं दाट झालं, भोंगा वाजवत आम्ही पुढे जात राहिलो. मग एका सकाळी धुकं एकदम उचललं गेलं आणि समोर काळे कडे उभे. खाली समुद्र आपटतोय, वर जून महिन्यातही बर्फाचे पट्टे. कड्यांवर पक्षी इतके, की खडकच हलतोय असं वाटत होतं. हातातली कामं टाकून सगळे कठड्याशी आले.

बोट एका लांब खाडीत शिरली. मी देवबागचा, खाडी मला नवी नाही. पण आमच्या कर्लीच्या खाडीला दोन्ही काठांवर माड आणि चिखल. इथे दोन्हीकडे डोंगर थेट पाण्यातून वर गेलेले, आणि त्यांच्या अंगावरून पांढरे ओहळ ओघळणारे. आत जाता जाता दुपार झाली. शेवटी टोकाला आकुरेरी नावाचं गाव लागलं. लाल, निळ्या, पिवळ्या पत्र्यांची छपरं, टेकडीवर चर्च, दारादारात फुलं. एवढ्या थंडीत फुलं कशी जगतात हे बघायला मी पहिल्याच संध्याकाळी गावभर फिरून आलो. काका बोटीवरच.

पण त्या गावानं काकांची एक पंचाईत केली. ते रोज तिन्हीसांजेला खोलीतल्या देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावत. तिथे तिन्हीसांजच होईना. सूर्य डोंगराच्या खांद्यापर्यंत उतरायचा आणि तिथूनच मागे फिरायचा.

"झिला, आता देवाक उदबत्ती कधी लावू?" काकांनी मला खरंच काळजीनं विचारलं.

"जेवच्या आदी लावा, काकानू."

त्यांना ते पटलं नाही. पण ते वर आले, आणि त्या न मावळणाऱ्या उन्हाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. बंदरात पाय न ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच असा आभाळाकडे बघताना पाहिला.

मीठ उतरवणाऱ्या ट्रकवाल्यांत एक उंच, लाल दाढीचा माणूस होता. त्याला आमच्याएवढंच इंग्रजी यायचं, म्हणून आमचं जमलं. रविवारी तो आतल्या भागात आपल्या मावशीकडे चालला होता. म्हणाला, मागे बसा, वाटेत धबधबा दाखवतो आणि उकळणारी जमीनही दाखवतो. आम्ही चौघं तयार झालो. पण चीफ ऑफिसरनं अट घातली: इतक्या लांब जायचं तर सारंग बरोबर हवा.

काका वैतागले. "दगड आणि पाणी बघूक इतक्या लांब कित्या जावचा? आमच्या गावच्या सड्यार काय दगड कमी आसत?"

"काकानू, तुम्ही नाय ईलात तर आमका सोडूचे नाय," मी म्हटलं.

शेवटी दोन स्वेटर, त्यावर कोट आणि कानटोपी घालून ते ट्रकमध्ये चढले, ते आमच्यावर उपकार म्हणून.

रस्ता खडीचा. झाड औषधालाही नाही. मैलोन् मैल हिरवं खुरटं गवत आणि मेंढरं. मग कुठूनसा घोंघाट येऊ लागला. ट्रक थांबला. चालत पुढे गेलो तर जमीनच तुटलेली, आणि नदी अर्धगोल होऊन खाली पडत होती. पाणी हिरवट पांढरं, बर्फाचं. तुषार तोंडावर सुईसारखे टोचत होते. मी पावसाळ्यात आंबोलीचा धबधबा पाहिलेला, पण तो उंचावरून सांडतो. हा सगळाच्या सगळा एकदम कोसळत होता.

ट्रकवाल्यानं नाव सांगितलं, त्याचा अर्थ 'देवांचा धबधबा'. फार जुन्या काळी त्यांच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा घरातल्या देवांच्या मूर्ती आणून इथे सोडल्या, असं म्हणतात. मी ते काकांना मालवणीत सांगितलं.

"देव हंयसर बुडवले?" काका म्हणाले. "आणि मगे काढले नाय?"

"नाय."

"म्हंजे अजून भितरच आसत."

ते खाली वाकले, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि त्या ओल्या, गार कातळावर अनवाणी उभं राहून हात जोडले. आम्हांला काय करावं कळेना. आमच्यातला एक हसणार होता, पण त्याचं हसू तोंडातच राहिलं. ट्रकवाला बघत होता. मग त्यानंही डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. धर्म त्याचा वेगळा, आणि काकांचाही वेगळा. पण बुडालेल्या देवांसमोर दोघेही तसेच उभे होते.

पुढे एक मोठं तळं लागलं. काठाला काळ्या लाव्ह्याचे सुळके, बुरूज, कमानी. माणसानं बांधून टाकून दिलेला गड असावा तसे. त्यापलीकडे जमीन पिवळी आणि तांबडी. दिवाळीच्या फटाक्यांसारखा गंधकाचा वास. आणि खड्ड्याखड्ड्यांतून राखाडी चिखल रटरटत होता, चुलीवर पिठलं रटरटावं तसा. ट्रकवाल्यानं ओरडून सांगितलं, मी ठेवतो तिथेच पाय ठेवा. काका आता आम्हां सगळ्यांच्या पुढे, त्याच्या पाठोपाठ होते.

मावशीचं घर जवळच होतं. डोक्याला रुमाल, हातात फावडं, गाल ऊन-वाऱ्यानं रापलेले. ती आम्हांला घरात न नेता मागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेली. तिथे जमिनीवर फळी आणि वर दगड ठेवलेला. दगड सरकवला, फळी उचलली, भसकन वाफ आली. फावड्यानं माती बाजूला करून तिनं आतून एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात पाव होता. राय नावाच्या धान्याच्या पिठाचा, गर्द तपकिरी, आमच्याकडच्या काकडी घालून भाजलेल्या तवसळीसारखा ओला आणि गोडसर. आदल्या दिवशी पुरायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा. ना लाकूड, ना जाळ.

"ह्यो कोणी भाजल्यान?" काकांनी मला विचारलं.

मी ट्रकवाल्याला विचारलं, त्यानं मावशीला. तिनं पायानं जमिनीवर दोनदा थोपटलं.

काका उकिडवे बसले आणि तळहात मातीवर टेकवला. चटका बसून उचलला, पुन्हा टेकवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "झिला, भुयेच्या पोटात चूल आसा रे. आमी वयर चलतव, आणि खाली कोणीतरी चूल पेटती ठेवल्यान हा."

मावशीनं जाड तुकडे कापून वर लोणी लावून दिले. काकांनी आपल्यातला घास आधी मोडून त्या फळीशेजारच्या दगडावर ठेवला. मावशीनं भुवया उंचावल्या. मी अडखळत म्हणालो, हा जमिनीचा. ते तिच्यापर्यंत पोचल्यावर ती जोरजोरात मान हलवत हसली आणि काकांना आणखी एक तुकडा दिला.

परतताना काका ट्रकमध्ये कडेला बसून मागे पडणारा रस्ता बघत राहिले. बोटीवर चढताना मला म्हणाले, "फुडल्या बंदरार बघण्यासारख्या काय आसा, ता इचारून ठेव."

पुढचं बंदर सिग्लुफ्योर्दुर. डोंगरांच्या ओंजळीत बसलेलं हेरिंगचं गाव. धक्क्यावर रबरी अंगरखे घातलेल्या बायका ओळीनं उभ्या, चाकू मासळीत शिरतोय कधी आणि पिंपात थर लागतोय कधी ते दिसत नव्हतं. पिंप भरलं की हाळी देऊन रिकामं मागवायच्या. आमचंच मीठ त्यांच्या हातात होतं. बांगडे खारवणाऱ्या मालवणच्या बायका मला तिथे दिसू लागल्या. काका रोज जेवण उरकून धक्क्यावर जायचे, गावातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जाऊन यायचे, आणि येताना कधी पक्ष्याचं पीस, कधी भोकाभोकांचा हलका दगड घेऊन यायचे.

ती सफर संपली आणि वर्षभरात काका नोकरी सोडून मसुऱ्याला परतले. त्यानंतर मी रजेवर घरी आलो असता एका सकाळी ते आमच्या अंगणात हजर. बरोबर काकी. काठापदराचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, लग्नाला निघाल्यासारख्या.

"तुझ्या गावचो संगम दाखय," काका म्हणाले. "आगबोटीतसून कितीदा ह्याच किनाऱ्यावरसून गेलंय, पण बघूक नाय कधी."

मग कळलं की सावंतवाडीचं तळं बघून झालंय, आंबोलीला जाऊन दोघं ढगात बसून आलीत. गावचे लोक हसतात, काकी लाजत म्हणाल्या, म्हातारपणी ह्यांना फिरण्याचं वेड लागलं म्हणतात. पण पुढे कुठे जायचं, हे काकांना त्याच विचारत होत्या.

मी होडी काढली. काकी मसुऱ्याला तरीच्या होडीतून खाडी ओलांडण्यापलीकडे कधी पाण्यावर आलेल्या नव्हत्या. दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसल्या. वाळूचं टोक आलं, जिथे खाडीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं निळं पाणी एकमेकांना भिडतं. ओहोटी होती, मधली रेघ लख्ख दिसत होती. काकी हळूच वाकल्या. रेघेच्या अलीकडे बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. मी होडी पुढे काढली, त्यांनी पलीकडे बोट बुडवलं, चाखलं, आणि मोठ्या डोळ्यांनी काकांकडे बघितलं.

"हंयचा मचूळ, थंयचा खारट," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बाबू, परत एकदा फिरय रे होडी."