पडद्यावरची माय

नागपुरात गेले की मी एमपीवाली, छिंदवाड्यात गेले की मराठीवाली. सीमेवरच्या आमच्या सौंसरच्या माणसाचं हे असंच, न घरका न घाटका. पुस्तकात, सिनेमात आमच्यासारखं बोलणारं कोणी आलं की समजावं, आता लोकांना हसवायचं आहे. लहानपणी मीही हसायचे. मग हळूहळू घराबाहेर तोंड उघडायचीच लाज वाटू लागली.

म्हणून संत्र्याच्या तोडीत सिनेमावाले आले अन् बगीच्यात मजुरी करणाऱ्या माझ्या मायलाच त्यांनी एक प्रसंग दिला, तेव्हा माझं काळीज सुपाएवढं झालं. "आम्हाला अस्सल माणूस हवंय," दिग्दर्शक म्हणाला. लेकीला सासरी धाडणारी आई. माय घरी बोलते तशीच बोलली, "रडू नको वं बाई. कोणी काही बोललं तर सीधा फोन लावजो, मी येऊन जाईन." बाजूला उभ्या आम्हा सगळ्यांचे डोळे भरले.

त्यानंतर माय फार दिवस टिकली नाही. काविळीनं नेली. ती गेल्यावर ध्यानात आलं की तिचा आवाज आमच्याजवळ कुठंच नाही. फोन समोर धरला की पदर तोंडावर घेऊन चूप बसायची. फोटो ढीगभर. पण बाबांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना फोटो काय कामाचे? "त्या सिनेमात बोलली ना ते," एवढंच ते रोज म्हणायचे.

मायच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदन ठेवलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी सिनेमा माझ्या फोनवर आला. आधी कोणीच पाहायचा नाही असं घरात ठरलं. बाबांच्या आधी मायला ऐकायचा हक्क कोणाला होता? दुसऱ्या दिवशी वंदना झाली, सगळ्यांनी फुलं वाहिली अन् जेवणाआधी मायच्या फोटोजवळ टीव्ही मांडला. बाबांची खुर्ची अगदी पुढं.

बगीचा आमचाच होता, पण पाटीवर गाव महाराष्ट्रातलं. माय आली. तिचे ओठ हलले अन् आवाज निघाला भलत्याच बाईचा! कोण्या शहरातल्या नटीनं हेल काढकाढून बोललेली वऱ्हाडी. मागं दोघंतिघं फिसकन हसले.

संध्याकाळी दिग्दर्शकाला फोन लावला. "त्यांच्या बोलण्यात हिंदी फार होतं हो," तो म्हणाला, "प्रेक्षकांना ते मराठी वाटलंच नसतं." मायचा मूळ आवाज मागितला, तर तो ठेवलाच नव्हता. आग लागो त्याच्या मराठीला! माय जन्मभर दुसरं काय बोलली होती?

पण टीव्ही चालू होता त्या घडीला मी बाबांच्या खुर्चीजवळ उभी होते. मायचा प्रसंग होऊन गेला होता. बाबा टीव्हीकडं कान करून तसेच बसलेले. चाचपडत त्यांनी माझा हात धरला.

"आवाज वाढव बाई," ते म्हणाले, "तुही माय केव्हा येते?"