न बसवलेल्या टायरचे ठसे

तुमच्या या सदरातले बहुतेक अनुभव वाचून मला हसू येतं, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला चिंचेखालून हाक ऐकू येते... आणि हे सगळं रात्रीच, माणूस एकटा असतानाच. दिवसाढवळ्या, सोबत दोन माणसं आणि हातात मापाची दोरी असताना कुणाला काही दिसल्याचं मी तरी वाचलेलं नाही. मला तसं दिसलं, म्हणून लिहितोय. माझी थोरली बहीण, ताई, गेल्या वर्षी वारली. तिच्या हयातीत हे लिहिणं मला जमलं नसतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. छप्पन साली आम्ही घरदार मिळून नागपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्याबरोबर देव्हाऱ्यातले टाक मी स्वतःच्या हातानं नदीत सोडले. नाव मात्र महादेवच राहिलं. आमच्या भागात एका नदीचं नावच खुनी, त्यामुळे गोष्टी रचणाऱ्यांना मसाला आयताच मिळतो. पांढरकवड्याचा प्रत्येक ट्रकवाला त्या पुलावर कुणाला ना कुणाला भेटलेला असायचा. मी विचारायचो, किती ग्लासांनंतर भेटला?

तर गोष्ट एकसष्टची. पांढरकवड्याला हैदराबाद रोडवर माझं टिनाचं वर्कशॉप होतं. बापूसाहेब म्हणून एक जंगलचे ठेकेदार होते, त्यांच्याकडे लढाईच्या डिस्पोजलमधली, म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली, फोर-व्हील पिकअप होती. सागाच्या कटाईवर मजुरांचा दाणागोटा, करवती, डिझेल, सगळं तिच्यातून जायचं. ती चालवायचे तुळशीराम, म्हणजे ताईचे मालक, माझे भाऊजी. त्यांना ती नोकरी मीच लावून दिली होती.

त्या वर्षी गाडीचे टायर पार उतरले. मूळ साइज ६.५०–१६, ती मिळेना. मिळत होती जीपची ६.००–१६, नाहीतर एकदम ७.५०–१६. बापूसाहेबांना अर्थातच मोठी पाहिजे होती. या माणसाला गाडीतलं एवढंच कळायचं, की हॉर्न वाजतो आणि टायर दिसतो.

मी त्यांना सांगितलं, "बापूसाहेब, बारकेच घ्या. आपल्या काळ्या मातीत बारका टायर चिखल कापत खाली मुरमापर्यंत जाते अन तठी पकडते. मोठा टायर वरच फिरते, अन माती घेऊन फिरते."

"ट्रकले कोणी सायकलीचे चाकं लावते काय बे?" बापूसाहेब म्हणाले. त्यांच्याभोवती बसलेले चार जण हसले. त्या चौघांपैकी एकानंही आयुष्यात पान्हा धरलेला नव्हता.

आठ दिवसांत नागपूरहून मोठे टायर आले, पाच. दुकानात एका जातीचे पाच नव्हते, म्हणून चार दातेरी नक्षीचे आणि पाचवा साध्या उभ्या पट्ट्यांचा. सगळ्यांना कागदी पट्टी गुंडाळलेली. मी दातेरीतला एक टायर पुढच्या चाकावर चढवून पाहिला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर टायर आणि कमानपाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, मध्ये माझं एक बोट जेमतेम गेलं. त्या फटीत काळी माती एकदा बसली की चाक अर्ध्यावरच अडणार, हे समजायला कुठल्या देवाचा कौल लागत नाही. मी टायर उतरवला, पुन्हा कागद गुंडाळला आणि बापूसाहेबांना तसं सांगून आलो.

ते म्हणाले, "तुह्यावर सोडलं, जाय. बारके पायजे असन तं हे वापस पाठवतो. पण परवापर्यंत सांग."

म्हणजे निर्णय माझा होता, हे लक्षात ठेवा. मी ते वापस पाठवणारच होतो. फक्त कटाईवर जाणारी वाट एकदा डोळ्यांनी पाहून यावी म्हटलं. टायर कॅटलॉगवर ठरत नाही, वाटेवर ठरतो. गाडी वर्कशॉपमध्ये ठोकळ्यांवर उभी होती, म्हणून मी आणि भाऊजी सकाळच्या एस.टी.नं कटाईच्या फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून चालत आत निघालो. हस्ताचा पाऊस दोन दिवस पडून थांबला होता. चांगलं ऊन होतं.

जंगलाच्या नाक्यावर सोमा होता. कोलाम आदिवासी, बापूसाहेबांचा राखणदार. ससा कुठून कुठे गेला हे जमिनीकडे पाहून सांगायचा. बापूसाहेबांसकट सगळ्यांना अरेतुरे करायचा आणि ते त्याला शोभायचं. भाऊजींना पाहून तो उठून उभाच राहिला.

"तू अठी कसा? तुही गाडी काल आत गेली," तो म्हणाला. "वापस नाई आली."

भाऊजी हसले. "कोणती गाडी गा? गाडी तं ठोकयावर हाये."

"पायली नाई म्या. मी पोडावर, घरी गेलतो. आज येऊन चाक पायलं."

मी मनात म्हटलं, झालं, यानं सकाळीच मोहाची घेतली. पण नाक्याच्या आत शंभरेक पावलांवर ओल्या वाटेत खरोखर ठसे होते. ताजे, कडा न ढासळलेले, आणि रुंद. उजवीकडे दातेरी नक्षी, डावीकडे साध्या उभ्या पट्ट्या. गाडीचं मागचं चाक पुढच्याच ठशावर चालतं, म्हणून चिखलात शेवटी मागच्याचीच नक्षी उरते. म्हणजे ज्या कुणाची गाडी होती तिला मागे डावीकडे साधा टायर होता.

माझ्या खिशात मापाची दोरी कायम असायची. मी ठशाची रुंदी घेऊन एक गाठ मारली, दोन ठशांमधलं अंतर घेऊन दुसरी मारली. मग आम्ही तिघे ठशांच्या कडेनं चालत गेलो. अर्ध्या मैलावर मोहाचा नाला लागतो. तिथं वाट दरडीवरून एकदम डावीकडे वळून खाली उतरते. ठसे वळणापर्यंत गेले होते... आणि वळले नव्हते. सरळ दरडीच्या कडेला जाऊन संपले होते.

मी कडेवरून खाली वाकून पाहिलं. खाली दगड, पाणी, एक करवंदाची जाळी. जाळीची एक काटकी मोडलेली नव्हती. गाडी नाही, काच नाही, तेलाचा तवंग नाही. मागे वळल्याचा ठसा नाही. एखादी गाडी जिथून गायब झाली तिथं जितकं दिसायला पाहिजे, त्यातलं काहीच नव्हतं.

सोमानं बाजूच्या पळसाची एक डहाळी तोडली आणि ठशांवर आडवी टाकली. बंद वाटेवर टाकतात तशी. "ह्या चाकानं येऊ नको," तो भाऊजींना म्हणाला. एवढंच. अंगात आलं नाही, लिंबू मागितलं नाही, काही नाही.

परत येईपर्यंत मी भाऊजींना कारणं सांगत होतो. दुसऱ्या ठेकेदाराची गाडी असेल, सोमाचा कुणी दुश्मन असेल. वर्कशॉपचं कुलूप मी लावलं तसंच होतं. टायर कागदात, ओळीनं. एकाचा कागद फाडला आणि दोरी लावली. गाठ बरोबर कडेवर आली. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर घेतलं, दुसरी गाठ बरोबर आली. मी दोरी तीन वेळा लावली. नव्या टायरच्या दातांत चिखलाचा कण नव्हता.

भाऊजी ठोकळ्यापाशी उकिडवे बसले होते. "महादेव, मले ते बारकेच लावून दे," ते म्हणाले. "तू तं पयलेपासून तेच म्हणून राह्यलता."

आणि इथं मला राग आला. सोमाचा, भाऊजींचा, त्या ठशांचा. कालपर्यंत बारका टायर हे माझं मिस्त्री म्हणून मत होतं. आता तोच लावला, तर महादेव मिस्त्री कोलामाच्या डहाळीला भ्याला असं होणार होतं.

तरी मी रात्रभर विचार करून सकाळी बापूसाहेबांकडे गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. भाऊजी ताईशी बोलले असतील, ताई विहिरीवर. बापूसाहेब सुपारी कातरत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "काय मिस्त्री, देव बुडवले म्हणे नदीत. अन भूत ठेवलं काय घरात?"

चौघं हसले. तेच चौघं.

मी म्हणालो, "मोठे लावतो. आज संध्याकाळी गाडी घेऊन जा."

त्या माणसाची अक्कल मी आयुष्यभर काढत आलो, आणि त्याच्या एका वाक्यावर मी माझं माप फेकून दिलं. वर आणखी शहाणपणा केला. साधा टायर मी मुद्दाम स्टेपनीला टाकला. चारही चाकांवर दातेरी. म्हटलं, आता दाखव मागे डावीकडे साध्या पट्ट्या. कुणाला म्हणत होतो कोण जाणे. जे नाही असं म्हणत होतो, त्याच्याशीच पैज लावत होतो.

भाऊजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढच्या चाकाला हात लावून पाहिला. "तू म्हणतं तं जातो," ते म्हणाले. मी म्हणालो, "मी म्हणतो." फटीचं मी बोललो नाही. निदान वाटेत उतरून माती खरवडत जा, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं असतं, तर टायर चुकीचा आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी सोमा धावत फाट्यावर आला आणि एका ट्रकमधून वर्कशॉपला पोचला. त्याला पाहिल्याबरोबर मी पान्हे घेतले आणि निघालो.

भाऊजी एकटेच होते गाडीत, सोमानं वाटेत सांगितलं. सकाळी पुन्हा सर आली होती. नाक्याच्या आत शिरल्याबरोबर मागचं डावं चाक पंक्चर झालं होतं, ते बदलताना सोमानं त्यांना मदत केली होती. स्टेपनी चढवली होती. साधी.

ठसे मी पाहिले. उजवीकडे दातेरी, डावीकडे उभ्या पट्ट्या, वाळलेल्या पळसाच्या डहाळीवरून गेलेले, वळणापर्यंत, आणि सरळ. दोरी लावायची गरज नव्हती तरी मी लावली. खाली गाडी त्याच करवंदाच्या जाळीवर उलटी पडली होती. पुढची चाकं अर्धवट डावीकडे वळून थांबलेली. टायर आणि कमानपाट्याच्या मधली माती इतकी घट्ट बसली होती, की काढायला मला सब्बल, म्हणजे पहार, लागली. भाऊजी स्टिअरिंगखाली होते. त्यांचे दोन्ही हात चाकावर होते, डावीकडे ओढलेले.

पंचनाम्यात रस्ता निसरडा होता असं लिहिलं. पांढरकवड्यात लोक म्हणाले, नाल्यानं माणूस घेतला. बापूसाहेब म्हणाले, "त्याची वेळ भरली होती." मला तिघांचीही सारखीच कीव आली, आणि तिघांचंही म्हणणं मी खोडून काढलं नाही, कारण तिघांच्याही सांगण्यात मी नव्हतो.

ठशांचं काय, ते मला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या ठेकेदारांकडे मी चौकशी केली, कुणाकडे तशी गाडी नव्हती. सोमाला विचारलं, तो म्हणाला, "मी चाक पायलं, तुले दाखवलं. अजून काय सांगू?" कुणी म्हणेल ती सूचना होती. सूचना द्यायची, तर ती मलाच का दिली, जो मानणार नाही? आणि सूचना मिळाली नसती, तर मी ते टायर दुसऱ्या दिवशी वापस पाठवले असते आणि भाऊजी जगले असते, याचं काय? यावर मी चाळीस वर्षं डोकं लावलंय. दोरी अजून पेटीत आहे, गाठी तशाच आहेत. उत्तर नाही. पत्र पाठवून मला शांती करायला सांगू नका.

पण टायरचं काय झालं ते मला ठाऊक आहे. त्यात कुठलंही भूत नाही. एक बोट फट होती, ती मी मोजली होती, आणि मोजली तेव्हा ते ठसे कुणी पाहिलेले नव्हते.

भाऊजींच्या तिसऱ्या दिवशी घरातली माणसं पांगल्यावर ताई माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. लोक काहीबाही बोलत होते, आणि तिला खरं काय ते मिस्त्रीकडून ऐकायचं होतं.

"महादेव, लोक काही म्हणो," ती म्हणाली. "तू मले सांग. टायर बराबर होते ना?"

"बराबर होते, ताई," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि उठून आत गेली. नंतर कुणी तिच्यापुढे नाल्याचं, डहाळीचं बोलायला लागलं, की ती त्यांना गप्प करायची. म्हणायची, तसं काही नसते, माह्या भावानं सोता टायर पाहून लावले होते.