दोरीची शेवटची कडी

आधीच सांगून टाकते, रस्त्यात पडलेलं लिंबू-मिरची पायानं उडवून पुढं जाणारी बाई आहे मी. नांदेडला एका शाळेत इंग्रजी शिकवते. आई-बाबा रेणापूरला असतात. आई दरवर्षी माहूरला जाऊन येते आणि दरवर्षी माझे टोमणे खाते. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी पोट धरून हसलेलीही आहे, त्याबद्दल माफ करा. आज मीच लिहायला बसलेय, कारण आईच म्हणाली, "लिही की. कुणाला भ्यायलीस?"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका एजन्सीमार्फत चीनमधल्या बालवाडीत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं, सप्टेंबर ते जानेवारी. गाव छोटं, चेंगदूपासून बसनं तीन तास. तिथलं तिखट खाऊन पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं... माझ्या! ठेच्यावर वाढलेल्या पोरीच्या! सोबतची शिक्षिका मेई, तिला थोडंफार इंग्रजी यायचं, ती हसून हसून लोळायची बाकी राहिली.

ते पाच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड महिने आहेत, हे भुताखेताच्या ग्रुपवर लिहिताना मलाच विचित्र वाटतंय. चार-चार वर्षांची एकोणीस पोरं. सकाळी आली की "लाओशी! लाओशी!" म्हणजे "बाई! बाई!" करत पायाला मिठी. सगळ्यांना कोमट पाणीच प्यायला द्यायचं. मी गार पाणी पिताना दिसले की पोरं मला दटावायची. दुपारी ओळीनं छोटे पलंग, शेजारी ओळीनं छोट्या चपला, आणि अर्धा तास कुणीच झोपायचं नाही. संत्रं सोललं की प्रत्येकजण एक फोड माझ्या तोंडात कोंबणार. नको म्हटलं की डोळ्यांत पाणी!

माझ्या टिकलीचं तर त्यांना याड लागलं होतं. एक दिवस अख्ख्या वर्गाला टिकल्या लावल्या. रेणापूरच्या बाजारातलं पाकीट एका दिवसात संपलं. घ्यायला आलेल्या आज्यांनी आधी डोळे मोठे केले आणि मग स्वतःच कपाळ पुढं केलं.

आता दोरीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्याभोवतीच आहे. पोरांना बाहेर न्यायचं तर तिथं एक जाड दोरी असते. दोन्ही बाजूंना कापडाच्या कड्या शिवलेल्या. एकेका पोरानं एकेक कडी धरायची आणि दोन ओळींत चालायचं. आमच्या दोरीला वीस कड्या होत्या. पोरं एकोणीस. म्हणजे शेवटची एक कडी कायम मोकळी.

तिच्या समोरची कडी दौदौची. दौदौ हे तिचं लाडाचं नाव, अर्थ दाणा. आणि होतीही दाण्याएवढीच. एका हातात कडी, दुसऱ्या हातात माझा हात, हा तिचा नियम. अजून एक नियम होता तिचा. निघायच्या आधी ती समोरच्या मोकळ्या कडीकडे बघायची, जरा थांबायची, आणि मग मान हलवायची. त्याशिवाय पाऊल उचलायची नाही. आठवडाभरात बाकीची पोरंही तिच्या मान हलवण्याची वाट बघायला लागली.

मी मेईला म्हटलं, विचार बरं काय चाललंय. मेईनं विचारलं आणि हसत सांगितलं, "ताईनं कडी धरली का ते बघते म्हणे."

"कुठली ताई?"

"बाईंसोबत आलेली ताई."

मी पण हसले. या वयात पोरांचे मनातले सवंगडी असतातच, मीही ट्रेनिंगमध्ये शिकलेय. टिकल्यांच्या दिवशी दौदौनं दोन मागून घेतल्या होत्या. एक कपाळाला लावली. दुसरी तिनं त्या मोकळ्या कडीच्या कापडावर चिकटवली आणि बोटानं नीट दाबली. ती टिकली पुढं कितीतरी दिवस तिथं होती. ती बघून पहिल्यांदा मला जरा कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू.

कारण मला बहीण होती. मुक्ता. माझ्याहून चार वर्षांनी लहान.

आता आमच्याकडची येळवस माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावास्या. लातूरकडं त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची. घरचा माणूस आंबील शिंपडत, हाळ्या देत कोपीभोवती फिरतो. मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांवर ताव मारायचा, आणि ओळख असो-नसो, एकमेकांच्या रानात जाऊन जेवायचं. आमची दिवाळी समजा.

मी दहा वर्षांची होते, मुक्ता सहाची. सकाळी पांडवांना चुना लावताना तिनं सगळा हात वाटीत बुडवला आणि दिसेल त्याच्या पाठीवर पांढरा पंजा उमटवत सुटली. पंजात एक खूण होती. दाराच्या फटीत सापडून तिची उजवी करंगळी अर्धी झाली होती. जेवायला शेजारच्या रानात जाताना आई म्हणाली, "मुक्तीचा हात सोडू नको बरं." त्या रानात चिंचेला झोका बांधलेला. मी बसले. मुक्ता म्हणायला लागली, आता माझी पाळी, आता माझी पाळी. मी तिला म्हटलं, "जा तिकडं, आईकडं जा."

ती गेली. वाटेत बिनकठड्याची विहीर होती.

नंतर सगळ्यांनी मला विचारलं, आणि मी म्हणाले, "मी धरला होता हात. तिनं हिसडा मारला अन् पळाली." दहा वर्षांच्या पोरीनं घाबरून मारलेली थाप. पण ती तशीच राहिली. तेव्हापासून मुक्ताचा विषय निघाला की आई डोळे पुसत म्हणायची, "लई वांड होती गं. ऐकायचीच न्हाई कुणाचं." पाहुणे म्हणायचे, हाव, वांडच होती. मुक्ता वांड नव्हती हो. तिला जा म्हटलं, म्हणून ती गेली होती. सतरा-अठरा वर्षं मी हे ऐकून घेतलं आणि प्रत्येक येळवशीला कधी परीक्षा, कधी ड्युटी सांगून रानात जाणं टाळलं. चीनला जाताना, खरं सांगते, यंदा तर बहाणा पण लागणार नाही, म्हणून बरंच वाटलं होतं.

डिसेंबर संपत आला होता. दुपारची झोप झाल्यावर पोरांना गावाबाहेरच्या भाजीच्या शेतात मुळे उपटायला नेलं. लख्ख ऊन, पण हाडं गोठवणारी थंडी. तिकडं थंडीच्या आधी झाडांच्या बुंध्यांना चुना लावतात, तसे सगळे बुंधे पांढरे. भाताच्या पेंढ्याचे ढीग रचलेले. शेतात पाय ठेवला आणि आमचंच रान आठवलं. तरी तारीख माझ्या ध्यानात नव्हती. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. आपण तिथल्यापेक्षा अडीच तास मागं, म्हणजे आईकडं भर दुपारचे बारा.

"अगं येळवस हाय आज! बघ, पूजा मांडली. काय करायलीस तू?"

पोरं वाफ्यात मुळ्यांवर तुटून पडली होती. मेई त्यांच्यात. दौदौ मात्र माझा हात धरून उभी. आईला पोरं दाखवली, दौदौला दाखवलं. आई "कसली ग्वाड हाय गं" म्हणाली. उन्हामुळं मला स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून दोन्ही हातांनी फोन धरायला मी...

मी दौदौचा हात सोडला.

बाबांच्या हाळ्या ऐकू येत होत्या, आई कोपीत पांडव दाखवत होती, मी पाठमोरी होऊन बघत होते. दोन मिनिटं झाली असतील. आईनं फोन परत स्वतःकडे वळवला आणि बोलता बोलता थांबली. माझ्या खांद्यावरून मागं बघितल्यासारखं बघितलं.

"त्या दोघी कुठं चालल्यात गं?"

"कोण दोघी?"

"मागं बघ की! ती लाल कोटवाली अन् तिच्या हाताला धरून दुसरी. एवढ्या थंडीत नुसत्या फ्रॉकवर हाय ती, स्वेटर घाल म्हणावं तिला. अगं, बघ ना!"

मी वळले. पेंढ्याच्या ढिगापलीकडं दौदौ होती, एकटीच. मी धावले, आणि धावताना दिसलं की तिच्या पुढ्यात जमिनीच्या पातळीला पाण्याचा हौद आहे, वर कुजक्या फळ्या, फळ्यांवर पेंढा. तिचा एक पाय फळीवर होता. सगळं अंग पुढं झुकलेलं. आणि उजवा हात मागं, सरळ, ताठ. पुढं पळणाऱ्या पोराचा हात मागून कुणी घट्ट धरल्यावर होतो ना, अगदी तसा. एवढं झुकल्यावर माणूस उभं राहूच शकत नाही. ती होती.

मी तिला कमरेला धरून उचललं आणि फळी आत गेली. पाण्याचा आवाज आला. खोल होतं.

दौदौ रडली नाही. मेई धावत येऊन तिला कुरवाळायला लागली, तशी दौदौ काहीतरी बोलली. मेईनं मला सांगितलं, "ती म्हणते, बाईंनी हात सोडला, मग ताईनं धरला."

तिच्या लाल कोटाच्या उजव्या बाहीवर चुना लागला होता. बोटं होती. छोटी. तीन पूर्ण आणि शेवटचं अर्धं.

आता तुम्ही म्हणाल, झाडांना चुना होता, तिथलाच लागला असेल. हाव, मी पण तेच म्हणते. बाकीची अठराच्या अठरा पोरं वाफ्यात मेईजवळ होती, पण दौदौ स्वतःच झाडाला घासली असेल. मी बाहीचा फोटो काढला. त्यात नुसता पांढरा डाग दिसतो, बोटं मोजता येत नाहीत. म्हणून इथं टाकत नाही.

शाळेत परतल्यावर आईला फोन लावला. ती अजून रानातच होती, मागं पाहुण्यांचा गलका, कुणीतरी आंबील मागत होतं. पोरगी बरी हाय का, एवढंच ती विचारत राहिली. मी म्हटलं, आई, जरा बाजूला ये. आणि सांगून टाकलं. झोका, पाळी, "जा तिकडं", सगळं. हिसडा तिनं मारला नव्हता, हातच मी धरला नव्हता.

आई म्हणाली, "इतकी वर्सं मी माझ्या लेकराला वांड म्हणत आले." आणि फोन ठेवला.

मी गावी परतले तेव्हा ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, बोलायची नाही. पुढं महिनोन्महिने तेच. मी नांदेडहून फोन केला की तिचं ठरलेलं, "बाबाला देते." मला तक्रार करायचा हक्क नव्हता, आणि केलीही नाही. फक्त एक ऐकलं बाबांकडून. घरी आलेल्या एका मावशीनं मुक्ताला वांड म्हटलं, तर आई तिच्यावर अशी कडाडली की मावशी चहा न घेताच गेली.

पुढची येळवस आली. बाबा म्हणाले, ये. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा गेले. पहाटेच उठून भज्जी केली, आईनं एक शब्द न बोलता मला उंडे वळायला बसवलं. रानात जाताना ती पुढं, डोक्यावर टोपली, मी मागं. बांधावरून वाट वळली, शेजारच्या रानातली ती विहीर दिसायला लागली. आता तिला कठडा आहे. माझे पाय जागीच थांबले. आईनं मागं वळून बघितलं नाही. नुसता हात मागं केला आणि म्हणाली, "धर."

मी धरला. विहीर मागं पडेपर्यंत आम्ही तशाच चाललो.

कोपीत पांडवांना चुना लावताना ती पहिल्यांदा नीट बोलली. "शांत होती माझी मुक्ती. तुझ्यापेक्षा शांत." मी हो म्हटलं आणि मग दोघीही रडलो, पोटभर.

हे सगळं काय होतं, मला आजही माहीत नाही. मनाचे खेळ म्हणावं, तर ते माझ्या मनात व्हायला पाहिजेत. दौदौला मुक्ताबद्दल कोण सांगणार? मेईलाही मी कधी बोलले नव्हते. आणि आईनं काय बघितलं? मी तिला खोदून खोदून विचारते. कसली दिसत होती? तोंड बघितलंस का? हसत होती का गं?

"पाठमोरी होती," आई म्हणते. "नीट दिसलं न्हाई. रानात रेंज कुठं असती? अन् तेवढ्यात तू फोन हलवलास."

मला ती दिसलीच नाही. पाच महिने तिनं माझ्यामागं दोरी धरली असेल, पण मला एकदाही नाही. आईला दिसली, दोन मिनिटं, पाठमोरी, कुणाचा तरी हात धरून चाललेली. मला वाटतं, तेच बरोबर आहे.