खटला चालवावा लागल्यास

बोरघाटाच्या माथ्यापासून तळेगावपर्यंत, माझ्या बायकोच्या मामांइतका शब्दांचा छळ दुसऱ्या कुणी केला नसेल. मामा मावळ तालुक्याचे सरकारी वकील. राहायला लोणावळ्यात आमच्या शेजारी, कचेरी वडगावला. बंद गळ्याचा काळा कोट घालून सकाळच्या गाडीने जात आणि संध्याकाळी परत येत. पण कोट खुंटीला लागला तरी त्यांच्यातला वकील काही खुंटीला लागत नसे. मामी म्हणाल्या, "आज जेवायला लवकर या," तर हे चपला घालता घालता विचारणार, "कशाच्या मानाने लवकर?" मामीही तयार झाल्या होत्या. "आमटी गार व्हायच्या मानाने," म्हणत आणि दार लावून घेत. एकदा आषाढात 'पाऊस थांबेपर्यंत' म्हणून ते माझी छत्री घेऊन गेले. लोणावळ्याचा पाऊस तो! भाद्रपदात ऊन पडलेलं पाहून मी छत्री मागितली, तर म्हणाले, "ही उघडीप आहे. उघडीप म्हणजे थांबणं नव्हे." छत्री कोजागरीला परत आली, तीही मुदतीच्या आधी दिल्याचा उपकार माझ्यावर चढवून.

पण त्यांच्या आयुष्याचा खरा झगडा चालला तो सरकारच्या एका नियमाशी. तालुक्याच्या मुख्य ठिकाणाबाहेर एका दिवसाहून अधिक काळ खटला चालवावा लागल्यास सरकारी वकिलाला जादा मेहनताना मिळेल, असा तो नियम. मॅजिस्ट्रेटसाहेब थंडीत फिरतीवर निघत, गावोगावी तंबू ठोकून कोर्ट भरवत आणि मामांना तिथे जावं लागे. जायला एक दिवस, खटल्याला एक, यायला एक. मामा मेहनताना मागत आणि पुण्याची कचेरी दरवेळी कळवी की प्रवास म्हणजे खटला चालवणं नव्हे. "असं कसं?" मामा ओटीवर येरझाऱ्या घालत मला विचारत. "बैलगाडीत बसून मी मनात उलटतपासणी घेत असतो, ते काय भजन असतं?" मी मान डोलवी. मी मास्तर माणूस, मला मेहनतानाच मुळात कमी. जाद्याची गोष्ट ऐकायला बरी वाटे.

एका वर्षी मात्र योग जुळून आला. तिकोणा पेठेजवळ कोर्ट भरणार होतं आणि एक साक्षीदार दुसऱ्या दिवशीच येणार होता. म्हणजे खटला दोन दिवस चालणार, हे ठरलेलं! मामांनी वळकटी बांधली ती लग्नाला निघाल्यासारखी. शाळेला सुट्टी होती, किल्ला बघून होईल म्हणून मीही निघालो. कामशेतपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. वाटभर मामा गुणगुणत होते.

आरोपी एक म्हातारा शेतकरी होता. गाव त्याला आबा म्हणे. त्याने त्याच वर्षी सरकारी जंगलातला साग तोडून छपराला आढं चढवलं, असा जंगलाच्या शिपायाचा आरोप. शिपायाने साक्ष ठणठणीत दिली. आबा हात जोडून एवढंच म्हणाला, "सायेब, ते आढं माज्या बापानं चढिवलंय. मला काय करायचं ते करा, पर आज घरी सोडा. आभाळ आलंय, भात खळ्यावर उगडं पडलंय. पोरगं ममईला, घरात म्हातारी एकलीच."

साहेबांनी जेवणासाठी कोर्ट उठवलं. मामा जेवले नाहीत. मला म्हणाले, "चला, जरा पाय मोकळे करू," आणि थेट आबाच्या घरी गेले. शिपायालाही बरोबर घेतलं. चुलीच्या वर ते आढं होतं. मामांनी काठीने टोचून पाहिलं, तर धुराची पुटं त्यांच्या कोटावर गळून पडली.

"हे यंदाचं लाकूड?" मामांनी विचारलं.

शिपाई खाली बघत म्हणाला, "मी भाइरनंच बगितलं व्हतं, सायेब."

दुपारी कोर्ट भरलं. मामा उठले. "सरकारपक्ष हा खटला मागे घेऊ इच्छितो." आणि पाहिलं ते सगळं सांगितलं.

साहेब मामांना ओळखून होते. हसू दाबत म्हणाले, "वकीलसाहेब, उद्या साक्षीदार येतोय. खटला उद्यावर गेला तर तुमच्या नियमात बसेल."

मामांनी कोटावरची काजळी झटकली. मी त्यांच्या वळकटीकडे बघत होतो.

"साहेब," ते म्हणाले, "नियमात 'चालवावा लागल्यास' असं आहे. हा चालवावा लागत नाही."

आबा सुटला. त्याने मामांचे पायही धरले नाहीत. तो खळ्याकडे पळत सुटला. मामांना ते फार आवडलं. परतीच्या वाटेवर बैलगाडीत ते वळकटीला टेकून बसले. मग हळूच म्हणाले, "दोन मुक्कामांची वळकटी मात्र फुकट बांधली." आणि मोठ्याने हसले.

जादा मेहनताना त्यांना पुढेही कधी मिळाला नाही. ते निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात आबा लोणावळ्याला आला, पाठीवर नव्या आंबेमोहराची पिशवी घेऊन. "नोकरीत व्हता तवा घेतलं नसतं तुमी," म्हणाला, "म्हनून थांबलो." मामांनी काहीही न विचारता पिशवी घेतली. मामींनी लगेच भात टाकला, घरभर वास सुटला. दोघे म्हातारे ओटीवर बसून दुपारभर पिकापाण्याचं बोलत राहिले.

संध्याकाळी मामा त्याला स्टेशनवर पोचवायला गेले; मीही गेलो. गाडी सुटली, तिचा मागचा दिवा दिसेनासा झाला, तरी मामा उभेच. थंडी पडू लागली होती. मी म्हटलं, "मामा, जाऊया का?"

"हो," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो हात इतका हलका झालेला मला माहीत नव्हता. आम्ही सावकाश घराकडे निघालो.