एकाच परातीतली कणीक

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, त्याच सुमारास आमचं तळं सुधारलं. म्हणजे काठ दगडांनी बांधून काढला, भोवती लोखंडी कठडा आला, फिरायला गुळगुळीत वाट झाली. रविवारी सकाळी बाबा बांबूची काठी आणि गळ घेऊन ज्या चिखलात बसायचे, तिथे शोभेची झाडं लागली. पाणी डोळ्यांसमोर, पण जायचं कुठून?

बाबा मूळचे कोकणातले. ऑपरेशननंतर त्यांनी एकच धोशा लावला, "एक मासा माझ्या हाताने धरला ना, की मी बरा झालो." त्या माशासाठी ते कुरकुरत का होईना, रोज व्यायाम करत होते. मग मीही पदर खोचला. खराडीच्या ऑफिसातून दमून यायचं आणि तशीच सोसायट्यांच्या तळे-समितीच्या बैठकीला जायचं. तिथे एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, फिरायला सगळा भाग येतो. मासे धरणारे म्हातारे असून असून किती?" म्हटलं, "त्यातला एक माझा बाप आहे. आपण फिरा हो खुशाल, त्यांना फक्त बसू द्या." भांडून भांडून शेवटी कठड्यात एक वाट मिळाली, खाली पाण्यापर्यंत उतार, धरायला दांडा आणि टेकायला कट्टा.

आई पुण्याच्या कसबा पेठेतली, माशाला न शिवणारी. कधी मासा मिळालाच तर बाबाच रांधायचे, आई तोवर गॅलरीत. आईचाही रविवारचा एक नेम होता. तळ्याच्या पलीकडे देवळाच्या पायऱ्या आहेत, तिथून ती माशांना कणकेच्या गोळ्या घालायची, पुण्य म्हणून. बाबाही गळाला कणीकच लावायचे. सकाळी परातीत एकदाच कणीक मळली जायची. अर्धी बाबांच्या डब्यात, अर्धी आईच्या. लहानपणापासून मला हा संसार कळलेला नाही.

वाट झाल्यावर पहिल्याच रविवारी आई आणि मी दोन्हीकडून धरून बाबांना उतरवलं. ते कट्ट्यावर टेकले, गळ टाकला, चेहरा नुसता उजळला. मला रडूच आलं. तेवढ्यात आईने आपला डबा उघडला आणि बाबांच्या गळाशेजारीच भराभर गोळ्या टाकायला लागली.

"अगं, काय करतेस काय?" बाबा ओरडले.

"नेहमी करते तेच. इतकी वर्षं पलीकडून करायचे."

"पण मासे तुझ्या गोळ्यांकडे जातील ना सगळे!"

"जायलाच हवेत," आई शांतपणे म्हणाली. "पोट भरलं की गळाकडे फिरकत नाहीत. तुमच्या हातून जीव कशाला जायला हवा?"

अरे देवा! मासा मिळाला नाही की आजवर बाबांनी वाऱ्याला, उन्हाला, बांधकामाच्या धुळीला, एवढंच काय, माझ्या खराडीच्या कंपनीलाही दोष दिला होता. आणि मासे राजरोस पलीकडे जेवत होते! मला हसावं की संतापावं, कळेना. आईवर चिडावं तर ती त्यांच्याच भल्यासाठी करत होती. बाबांची बाजू घ्यावी तर माशांनी माझं काय घोडं मारलं होतं? बाबांनी काठीला दोरी गुंडाळली. "चला घरी," एवढंच म्हणाले.

तो आठवडाभर त्यांनी व्यायामाला हात लावला नाही. पाय उचला म्हटलं की, "कशासाठी?" आई सगळं ऐकत होती.

पुढच्या रविवारी तिने नेहमीसारखी कणीक मळली. सगळी बाबांच्या डब्यात भरली. "उठा," म्हणाली. मी आईकडे पाहिलं, तर तिने नजर चुकवली. बाबाही गोंधळलेले, पण उठले.

कट्ट्यावर ती त्यांच्या शेजारी बसली, हात पदराखाली घेऊन. बाबांनी गळ टाकला. बराच वेळ काहीच नाही. मग दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा हलला, आणि एकदम पाण्याखाली गेला.

"अहो, ओढा की!" आई ओरडली. "ओढा ना, जातोय तो!"

बाबांच्या हातात काठी तशीच होती. ते आईकडेच बघत राहिले.