दांडीच्या जिव्याची बत्ती

दांडी गावात धुकं उतरलं की जिव्याच्या घरातला पुरुष कंदील घेऊन खाडीच्या तोंडाशी खडकावर उभा राहायचा. आधी बाप, बापामागे जिव्या. बत्ती हलते तिथे खडक, तिकडे फिरकायचं नाही, हे सगळ्या होड्यांना ठाऊक. त्याच्या पहाऱ्यात एकही होडी फुटली नव्हती; देवीची कृपा, दुसरं काय.

पुढे मासळी कमी झाली. तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं, गावची पोरं तिकडे लागली. जिव्याला मात्र विमान जवळून बघायचं होतं. चुलतभाऊ बुधाला त्यानेच गळ घातली आणि दोघे मुंबईकडच्या विमानतळावर चर खणायच्या कामाला गेले.

उडताना डौलदार दिसणारं विमान जमिनीवर वाट चुकायचं. सगळे रस्ते सारखेच. विमानवाला भलत्याच फाट्याला वळला की जीप मागे धावायची. मग एक माणूस पुढे उभा राहून हातातल्या बत्त्या हलवत त्याला जागेवर आणायचा. बुधाला भारी हसू यायचं.

"वर घारीवानी फिरतं, नि खाली आलं का अंधारातल्या माज्या आयेवानी चाचपडतं."

"सांगू काय काकीला?"

"सांग की. चुलीतलं लाकूड तुलाच फेकून मारील. मी तिचा लाडका हाय."

सदुसष्टच्या पौषात एका पहाटे दाट धुकं पडलं. बुधा चरात उतरला होता. वाट चुकलेलं एक विमान हळूहळू त्यांच्याच रस्त्याला लागलं. जिव्याने हाका मारल्या, पण त्या घरघराटात बुधाला काय ऐकू जाणार? जिव्या कंदील घेऊन चराकाठच्या मातीच्या ढिगावर चढला आणि खडकावर हलवायचा तसा हलवू लागला. विमानवाला आधीच गोंधळलेला. हलती बत्ती दिसली, त्याला वाटलं आपला माणूस भेटला. तो सरळ बत्तीवर आला. पुढचं चाक चरात गेलं.

विमानातल्या कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बुधाचा देह ट्रकमधून दांडीला आणला.

गावात कोणी जिव्याला बोल लावला नाही. बुधाची आई पारूकाकी रोज ओटीवर बसून विमानवाल्याला शाप द्यायची. "माज्या जिव्यानं बत्ती दाखवली, तरी मेला आंगावर आला. देवी त्याचे डोळे फोडील." आणि जिव्यापुढे भाताची थाळी सरकवायची.

जिव्या थाळी तशीच ठेवून उठायचा. खरं सांगितलं तर हे दार बंद होणार. नाही सांगितलं तर कोणा परक्याच्या लेकराला फुकटचा शाप. देवीपुढे जोडलेले हातही त्याला आपले वाटेनात. शेवटी एके दुपारी तो बोलला.

"काकी, त्याला शिव्या नको देऊ."

"का रं?"

"तिकडं बत्ती म्हंजे ये. मी रोज बघत व्हतो. मला ठावं व्हतं."

"मंग हालवलीस का?"

"हात आपसूक हालला."

पारूकाकी त्याला जा म्हणाली नाही. ती उठून आत गेली. त्या दिवसापासून तिने विमानवाल्याला शाप देणं सोडलं. चार शिव्या जिव्याला दिल्या असत्या तर त्याचा जीव हलका झाला असता. पण तिने त्याचं नावच पुन्हा घेतलं नाही.

जिव्या गाव सोडून सरावलीला मजुरीला गेला. बुधाच्या तिथीला तेवढा दांडीत यायचा, पारूकाकीच्या ओटीवर नारळ ठेवायचा आणि मागे न बघता निघायचा. तो वळणाआड गेला की ती बाहेर येऊन नारळ उचलायची.